रंगवलेल्या फर्निचरची निगा : सांगली-साताऱ्यातून वारंवार येणारे प्रश्न

फर्निचर रंगवायचं आणि जुनं दुरुस्त करायचं आमचं काम सांगलीत आहे. रोज कुणी ना कुणी फोटो पाठवून विचारतं, "हा डाग कसा काढू?" बऱ्याचदा फोटो येईपर्यंत त्या डागावर दोन-तीन उपाय होऊन गेलेले असतात. मग डाग राहतो बाजूला आणि आम्हाला त्या उपायांनी झालेलं नुकसान निस्तरावं लागतं. म्हणून नेहमीचे प्रश्न एकत्र लिहून काढले आहेत. इथे रंगवलेलं म्हणजे ज्या रंगाखाली लाकूड किंवा लोखंड पूर्ण झाकलं जातं ते. लाकडाच्या रेषा दिसतात त्या पॉलिशचा उल्लेख गरजेपुरताच आहे.

१. आमच्या कपाटाला कोणता रंग लावलाय तेच माहीत नाही. घरच्या घरी कसं ओळखायचं?

हे आधी ओळखा, कारण पुढची बरीचशी उत्तरं यावर ठरतात. कपाटाची मागची बाजू, फळीचा खालचा भाग किंवा बिजागरीजवळची जागा निवडा, जिथे खराब झालं तरी दिसणार नाही.

आधी पांढरं फडकं किंचित ओलं करून फिरवा. फडक्याला रंग किंवा पांढरी भुकटी लागली तर तो डिस्टेंपरसारखा पाण्याने सुटणारा रंग आहे. त्याला पाणी लावायचंच नाही. काही लागलं नाही तर कापसाचा बोळा हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये बुडवून, पिळून, दहा सेकंद नुसता टेकवून ठेवा. जागा लगेच चिकट झाली तर वरचा थर लाखेचा आहे. मिरजेतले तंतुवाद्य कारागीर सतारीवर लाखेचं पॉलिश चढवतात, त्याच जातीचा. रंग हळूहळू मऊ पडून बोळ्याला लागला तर तो पाण्यात कालवलेला अॅक्रिलिक रंग. काहीच झालं नाही तर ऑइल पेंट, ड्युको (थिनरमध्ये कालवून फवारतात तो) किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

या शेवटच्या तिघांत फरक करायचा असेल तर थिनरचा एक थेंब टाका. ड्युको पटकन विरघळतो, ऑइल पेंटला थोड्या वेळाने सुरकुत्या येतात, पीयू तसाच राहतो. स्पिरिट आणि थिनर दोन्ही पेट घेतात. गॅस बंद, देवाजवळचा दिवा विझलेला आणि खिडकी उघडी, तेव्हाच हा प्रयोग करा.

२. रोज पुसायचं का? आणि कशाने?

रोज पुसू नका. आठवड्यातून एकदा कोरडं, मऊ, जुनं सुती फडकं पुरतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा साडी यासाठी उत्तम. नक्षी असेल तिथे रंगाऱ्याचा मऊ ब्रश वापरा, फडकं खाचेत जात नाही आणि कडेचा रंग घासून काढतं. जत, आटपाडी, खानापूरकडे उन्हाळ्यात जी धूळ येते ती बारीक रेतीसारखी असते. ती दाबून पुसली की पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) फिरवल्यासारखी चमक जाते. तिथे आधी झटका, मग हलक्या हाताने पुसा.

आमच्याकडे येणाऱ्या कामात मळाने खराब झालेला रंग थोडा असतो, पुसून पुसून झिजलेला जास्त. हँडलभोवती आणि टेबलाच्या कडांना लाकूड उघडं पडलेलं दिसतं ते त्यामुळेच.

३. मळ बसलाय, कोरड्या फडक्याने निघत नाही. साबण चालतो का?

ऑइल पेंट, पीयू आणि पावडर कोटिंगला (लोखंडावर भट्टीत पक्क्या केलेल्या भुकटीच्या रंगाला) चालतो, पण अगदी थोडा. तांब्याभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, फडकं बुडवून घट्ट पिळा. पिळल्यावर थेंब पडायला नको. वीतभर जागा पुसली की लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा, मग कोरडं करा. पूर्ण दार साबणाचं करून मग पुसत बसू नका. कपड्याची पावडर वापरू नका, ती जास्त खारी (अल्कधर्मी) असते आणि ऑइल पेंटची चमक खाते. पाणी सांधे आणि बिजागऱ्यांत शिरू देऊ नका. रंगाला वरून फार इजा होत नाही, लाकडाला मागून ओल लागली की रंग सुटतो.

हळदीचा डाग असेल तर साबण लावण्याआधी प्रश्न ६ वाचा.

४. पुसल्यावर पांढरे ठिपके राहतात.

बोअरचं पाणी. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीतल्या बोअरमध्ये क्षार फार, पाणी वाळतं आणि क्षार तिथेच राहतात. शेवटचा हात आरओ फिल्टरच्या पाण्याने फिरवा (नुसतं गाळून क्षार जात नाहीत) आणि लगेच कोरडा करा. आधीच पडलेले ठिपके पाण्यात थोडं व्हिनेगर घालून निघतात, एका वाटी पाण्याला एक चमचा. नंतर साध्या पाण्याने पुसायला विसरू नका.

५. काचेचा स्प्रे, खायचा सोडा, टूथपेस्ट, तो पांढरा जादूचा स्पंज, यातलं काय चालतं?

यातलं काहीच नको. सोडा, टूथपेस्ट आणि तो स्पंज घासून डाग काढतात, म्हणजे डागाबरोबर रंगाचा थरही काढतात. मॅट रंगावर तर घासलेली जागा कायमची चमकते. काचेच्या स्प्रेमधली द्रव्यं अॅक्रिलिक आणि लाखेला मऊ करतात.

६. लग्नात पांढऱ्या चौरंगावर हळद सांडली. साबणाने पुसलं तर डाग लाल झाला! आता?

हळदीच्या सांगलीत हा प्रश्न प्रत्येक लग्नसराईत येतो. घाबरू नका, डाग वाढलेला नाही. हळदीतलं रंगद्रव्य साबण-चुन्यासारखं खारं काही लागलं की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच इथे साबणाने झालं. माझ्या बहिणीच्या हळदीला मी स्वतः हे करून बसलो होतो. नवा पांढरा चौरंग, वर हळदीचे पाच बोटांचे ठसे. मी साबणाचं फडकं फिरवलं आणि पाचही बोटं विटेसारखी लाल झाली. घाबरून आणखी घासलं, तेव्हा पिवळी-लाल झाक सगळ्या फळीभर पसरली.

करायचं ते असं. हळद ओली असेल तर पुसू नका, टिपून घ्या. वाळली असेल तर कोरड्या ब्रशने झटका. लाल झालेल्या डागावर लिंबाचे दोन थेंब पाण्यात मिसळून टेकवा, तो परत पिवळा होईल. लगेच साध्या पाण्याने पुसा. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून ऑइल पेंट किंवा पीयू असल्याची खात्री असेल (प्रश्न १), तर कापसावर थोडं स्पिरिट घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. दर वेळी नवा बोळा घ्या, नाहीतर तीच हळद दुसरीकडे लागते.

राहिलेली झाक उन्हावर सोडा. हळदीचा रंग उजेडात विटतो. सकाळचं कोवळं ऊन तासभर, असं आठ दिवस, किंवा नुसतं खिडकीशेजारी ठेवलं तरी फिकट होत जातो. दुपारच्या कडक उन्हात मात्र ठेवू नका, फळी वाकेल. अॅक्रिलिक रंगावर स्पिरिट चालत नाही, तिथे फक्त ऊन. माझा तो चौरंग पंधरा दिवस खिडकीत होता, आणि सगळे डाग गेले.

७. गळीत हंगामात गॅलरीतल्या खुर्च्यांवर काळी राख पडते. पुसलं की काळे पट्टे उठतात.

वाळवा, पलूस, कराडकडून हा प्रश्न दर हंगामात येतो. ही राख उसाच्या पाचटाची किंवा कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची असते. तिचे हलके, काळे पापुद्रे असतात. बोट लावलं की चुरा होऊन काजळासारखे पसरतात. ओलं फडकं लावायचं नाही. आधी फुंकर, मग मऊ ब्रश उभा धरून झटकणं, शक्य असेल तर व्हॅक्यूम. शेवटी प्रश्न ३ प्रमाणे. पांढऱ्या खुर्च्या असतील तर हंगामापुरती जुनी चादर घाला. प्लास्टिक नको, खाली दमट होतं.

८. देवघराला तेल आणि काजळी बसलीये. आतून सगळं काळपट झालंय.

दोन वेगळे मळ आहेत आणि काढायचा क्रम महत्त्वाचा. आधी काजळी, तीही कोरडी. काजळीवर साबणपाणी मारलं तर ती रंगाच्या बारीक छिद्रांत बसते. मऊ ब्रशने खाली झाडा. उरलेली काजळी शिळ्या पावाच्या मऊ भागाने टिपा, चुरा होऊ लागला की नवा तुकडा घ्या. मग तेलाचा चिकटा. साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेलं फडकं डागावर दोन मिनिटं ठेवा, तेल मऊ होईल, मग पुसा. वर्षानुवर्षांचं तेल वाळून पिवळट, राळेसारखं झालं असेल तर ते एका बैठकीत निघणार नाही. तीन-चार दिवस थोडं थोडं काढा.

समईखाली ताट आणि वर फळी असेल तर ज्योतीपासून किमान हातभर अंतर ठेवा. उष्णतेने रंगाला फोड आले असतील तर ते पुसून जात नाहीत, प्रश्न १५ पाहा. कुंकवाचे डाग कोरडेच उचला, पाणी लागलं की पसरतात.

९. पेन, स्केचपेन, स्टिकर. लहान मुलं घरात आहेत.

स्टिकरवर हेअर ड्रायरची मंद हवा अर्धा मिनिट, मग कोपऱ्यातून नखाने हळू ओढा. उरलेल्या चिकटावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, फडक्याने काढा, नंतर तेल साबणाने पुसा. बॉलपेनला ऑइल पेंटवर स्पिरिटचा बोळा टिपून चालतो. नेलपॉलिश रिमूव्हर कुठल्याच रंगावर नको. अॅक्रिलिक रंगावर पेन उमटलं तर बहुतेक वेळा तेवढा भाग पुन्हा रंगवणंच सोपं पडतं.

१०. नुकतंच रंगवून घेतलं. हाताला कोरडं लागतं, तरी वस्तू ठेवली की चिकटते.

हाताला कोरडं लागणं आणि रंग पक्का होणं यात बरंच अंतर असतं. ऑइल पेंट आठ-दहा तासांत हाताला कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. पावसाळ्यात त्याहून जास्त. तोपर्यंत दारं किलकिली ठेवा, जड वस्तू ठेवू नका आणि फळ्यांवर वर्तमानपत्र तर अजिबात घालू नका. कागद चिकटतो, अक्षरं रंगावर उलटी उमटतात आणि ती जात नाहीत. पहिला महिनाभर फक्त कोरडं फडकं. वेळ तुमच्या हातात असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये रंगवू नका, दसऱ्यानंतर करा.

११. पावसाळ्यात खण अडकतो. सुतार म्हणतो रंधा मारतो.

मारू देऊ नका. लाकूड दमट हवेत फुगलंय, दिवाळीपर्यंत परत आकसेल. आता रंधा मारलात तर उन्हाळ्यात खण खडखडेल, शिवाय रंधलेल्या जागी लाकूड उघडं पडून पुढच्या पावसात आणखी फुगेल. खण घासतो त्या जागेवर पांढरी मेणबत्ती घासा. फार ओढाताण केली तर पुढच्या पट्टीचा रंग सांध्यावर फाटतो, म्हणून अवघड खण दोन महिने बंद ठेवणंच बरं. मार्गशीर्षातही अडकला तर मग सुताराला बोलवा.

उन्हाळ्यात याच्या उलट होतं. लाकूड आकसतं आणि दाराच्या चौकटीच्या सांध्यांवर केसाएवढी रेघ पडते. ती रंगाऱ्याची चूक नाही, आणि ती लांबीने (पुट्टीने) भरूही नका. पावसात सांधा मिटला की भरलेली लांबी बाहेर ढकलली जाते.

१२. महाबळेश्वर-पाचगणीला घर आहे. दर पावसाळ्यानंतर कपाटांवर बुरशी.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे बुरशी थोडीतरी येणारच. ती वाढू न देणं आपल्या हातात आहे.

काढताना तोंडाला मास्क, खिडकी उघडी. कोरडी झाडू नका, तिचे कण घरभर उडतात. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने उचला, फडकं प्रत्येक वेळी उलटं करा आणि शेवटी फेकून द्या. पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटवर स्पिरिटचा हलका हात फिरवा. काळे ठिपके राहिले तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीच घालून, आधी कोपऱ्यात पाहून, पाच मिनिटं टेकवा आणि साध्या पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

पुन्हा येऊ नये म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. घाटावरच्या दगडी भिंती चार महिने ओल धरतात, आणि बुरशी सगळ्यात आधी कपाटाच्या पाठीवर येते. पाठ रंगवलेली नसते, तीच रंगवून घ्या. समोरच्या दाराला तिसरा हात मारण्यापेक्षा पाठीला पहिला हात मारणं जास्त उपयोगाचं. घर बंद ठेवून खाली येणार असाल तर कपाटांची दारं उघडी ठेवून या.

१३. पांढरं कपाट पिवळं पडलं. गंमत म्हणजे बाहेरून ठीक आहे, आतून जास्त पिवळं आहे.

ऑइल पेंटचा हा स्वभाव आहे. त्यातलं तेल अंधारात पिवळं पडतं. म्हणून दाराची आतली बाजू, कॅलेंडरमागची जागा, पडद्याआडचा भाग आधी पिवळा होतो. घासून उपयोग नाही, कारण तो मळ नाही. दारं काही आठवडे दिवसा उघडी ठेवून पाहा, उजेडाने बराच पिवळेपणा कमी होतो. पुढच्या वेळी पांढराच हवा असेल तर रंगाऱ्याला पाण्यात मिसळायचं इनॅमल मारायला सांगा, ते फारसं पिवळं पडत नाही. स्वयंपाकघरातलं कपाट असेल तर आधी प्रश्न ३ करून बघा, तिथे फोडणीच्या तेलाचा पिवळेपणाही असतो.

१४. चमक यावी म्हणून तेल लावलं तर? बेलतेल, खोबरेल, की फर्निचरचा स्प्रे?

खोबरेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. बेलतेल, म्हणजे रंगकामातलं उकळलेलं जवसाचं तेल, वाळतं, पण फिकट रंगावर पिवळा थर चढवतं. शिवाय बेलतेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरलीच तर ती मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. बाजारातल्या बऱ्याच चमक आणणाऱ्या स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं. आज छान दिसतं, पण पुढे रंग मारताना तो जागोजागी गोल फाटतो, आणि रंगारी बिचारा ब्रशला दोष देत बसतो.

चांगल्या ऑइल पेंटला काही लावायची गरज नसते. मॅट रंगावर हात फार लागत असेल तर रंगहीन मेणाचा अगदी पातळ थर द्या, वीस मिनिटांनी घासून काढा, वर्षातून एकदा. मेण लावलेल्या जागी नवा रंग धरत नाही, म्हणून रंगवण्याआधी ते टर्पेंटाइनने पूर्ण काढावं लागतं. लावलं असेल तर कपाटाच्या आत पेन्सिलने तारीख लिहून ठेवा.

१५. कोपऱ्याचा टवका उडाला किंवा पोपडे सुटलेत. तेवढाच भाग रंगवता येईल का?

येईल. सुटलेले पोपडे चाकूच्या बोथट बाजूने काढा, घट्ट बसलेल्या रंगाला हात लावू नका. कडेची पायरी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरती करा, पण रंग जुना असेल तर आधी प्रश्न १७ वाचा. उघड्या लाकडाला प्रायमर, खड्डा असेल तर लांबी, मग पातळ दोन हात.

खरी अडचण रंग जुळण्याची. डब्यातला तोच रंग मारला तरी वेगळा दिसतो, कारण कपाटावरचा रंग उजेडाने बदललेला असतो. म्हणून फक्त ठिपका रंगवू नका. खणाची पूर्ण पट्टी किंवा दाराची पूर्ण चौकट रंगवा. सांध्यापाशी संपलेला फरक डोळ्याला खुपत नाही. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, गच्च भरेल अशा लहान काचेच्या बाटलीत काढा आणि वर कंपनी, शेड नंबर, तारीख लिहा. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवेने साय धरते.

१६. लोखंडी कपाटाला खालून गंज चढतो.

फरशी ओल्या फडक्याने पुसताना पाणी पायांशी साचतं, हे कारण. पायांखाली प्लास्टिकच्या टोप्या किंवा लाकडी ठोकळे द्या. गंज लागला असेल तर चकाकतं लोखंड दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर), वाळल्यावर इनॅमल. गंजावर नुसता रंग मारला तर तो आतून वाढत राहतो आणि वर्षभरात फोड येतात.

१७. आजोळचा जुना रंगीत पाळणा बाळासाठी वापरायचाय. साफ करून चालेल ना?

कृपा करून हे उत्तर पूर्ण वाचा. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळा, हिरवा, केशरी, लाल आणि पांढऱ्यात, शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल तर त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. दात येणारं बाळ पाळण्याची कड चावतं, बोटं तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं, आणि पोटात गेलं तरी चालेल असं त्याचं कुठलंही सुरक्षित प्रमाण नाही.

असा पाळणा बाळाला देऊ नका. वरून नवा रंग मारला तरी चावून खालचा थर उघडा पडतो. जुना रंग घरी खरवडू नका, कोरडा पॉलिश पेपर मारू नका, गॅसच्या बत्तीने जाळू नका. तीच धूळ आणि तोच धूर सगळ्यात घातक. काढायचाच असेल तर घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून, वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून, एन ९५ मास्क घालून आणि मुलं व गरोदर बाई जवळपास नसताना. चिखल गोळा करून पिशवीत बांधा, अंगणात धुऊ नका. मूल जुना रंग चावताना आढळलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं.

आठवण म्हणून ठेवायचा असेल तर ठेवा. पोपडे सुटलेले नसावेत, मुलांचा हात पोहोचू नये, आणि धूळ ओलसर फडक्यानेच पुसावी.

१८. सावंतवाडीहून आणलेला चितारी कामाचा पाट आहे. पुसायचा कसा?

फक्त कोरडा. बोटाला गुंडाळलेल्या मलमलीने, दाब न देता. वरचा थर लाखेचा असू शकतो, म्हणून स्पिरिट, साबण, ओलं फडकं काहीच नको. गरम भांडं ठेवू नका, ऊन लागू देऊ नका. पंगतीला वापरायचा असेल तर वर कापडी आसन घाला आणि उठल्यावर काढून ठेवा, घामाची ओल राहायला नको.

१९. पुराच्या पाण्यात कपाट बुडालं. वाचेल का?

२००५, २०१९, २०२१. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी धोक्याच्या ४५ फुटांकडे सरकू लागली की आमचा फोन थांबत नाही. पाणी ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करता यावर बरंच अवलंबून असतं.

आधी मेन स्विच बंद, हातमोजे, बूट. गाळ ओला असतानाच धुवा. वाळला की तो सिमेंटसारखा धरतो आणि खरवडताना रंग निघतो. पाइपचं पाणी सावकाश सोडा, जोराची धार नको. खण ओढून निघत असतील तर काढा, नसतील तर जोर लावू नका. कपाटाची पाठ, म्हणजे मागचा पातळ प्लाय, खिळे काढून मोकळी करा आणि तिकडून खण ढकला. पाठ निघाली की हवाही खेळते. खाली चार विटा द्या.

यानंतर बहुतेक जण कपाट उन्हात ठेवतात, आणि तिथेच ते जातं. बाहेरची बाजू एका दिवसात वाळते, आतली ओलीच राहते. फळी वाकते आणि आतल्या वाफेने रंगाला फोड येतात. सावलीत, वाऱ्यावर, दारं उघडी. पंखा लावलात तर लांबून. पहिल्या आठवड्यात बुरशी येईल, ती प्रश्न १२ प्रमाणे काढा. पुराच्या पाण्यात गटारही मिसळलेलं असतं, म्हणून ब्लीचचा हात सगळीकडे फिरवावाच.

सागवान, शिसवी वाचतं. प्लायचे थर सुटले नसतील तर आशा ठेवा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) फुगला की परत बसत नाही, त्यावर खर्च करू नका.

नवा रंग कधी मारायचा? एक खण घ्या, धान्याच्या काट्यावर वजन करा, आत खडूने लिहा. दर आठ दिवसांनी पुन्हा करा. वजन उतरत जाईल. लागोपाठ तीन वेळा तेच वजन आलं की लाकूड वाळलं. २०१९ च्या पुरानंतर एका गिऱ्हाइकाच्या सागवानी कपाटाला डिसेंबर उजाडला. त्यांच्या शेजाऱ्यांनी गणपतीतच रंग मारून घेतला होता. त्याचे पोपडे संक्रांतीपर्यंत जमिनीवर होते.

२०. ऑइल पेंटवर नवा रंग मारला तर सुरकुत्या आल्या.

ड्युकोसारखा थिनरचा रंग ऑइल पेंटवर मारला गेला. थिनर खालचा थर फुगवतो आणि उचलतो. सुरकुतलेला थर काढल्याशिवाय इलाज नाही. उलट चालतं, पक्क्या वाळलेल्या ड्युकोवर ऑइल पेंट. म्हणूनच प्रश्न १ रंगाऱ्याला बोलावण्याआधीही करून घ्या.

२१. वाड्यातलं जुनं कपाट आहे, रंग जागोजागी उडालाय. सगळा काढून नवा मारू का?

घट्ट बसलेला जुना रंग नुसता जुना दिसतो म्हणून काढू नये असं माझं मत आहे. पोपडे धरत नसतील आणि मुलांच्या हाताशी नसेल तर ओलसर फडक्याने साफ करा, सुटलेल्या कडा बसवून घ्या आणि राहू द्या. हाताने काढलेली वेलबुट्टी, तारीख किंवा नाव असेल तर त्यावर ब्रश फिरवण्याआधी दहा वेळा विचार करा. घरात कुणीतरी ते हाताने काढलेलं असतं.

रंग सगळीकडेच सुटत असेल तर मात्र काढावा लागतो, प्रश्न १७ मधली काळजी घेऊन. वाईच्या एका वाड्यातलं दोन दारांचं फडताळ आमच्याकडे असंच आलं होतं. बिजागरी काढली तर खाली चार थर दिसले. वर तपकिरी, मग फिकट निळा, मग पोपटी आणि सगळ्यात खाली गेरूसारखा लाल. घरातल्या आजी नव्वदीच्या. त्यांनी पोपटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा हा होता." मग दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी जागा न खरवडता ठेवली आणि तिच्यावर पीयूचा पारदर्शक हात दिला, म्हणजे धूळही सुटणार नाही. तुम्हालाही असं काही ठेवायचं असेल तर काम सुरू व्हायच्या आधीच जागेभोवती खडूने चौकोन आखून द्या आणि रंगाऱ्याला दाखवून सांगा.